सशाच्या मागे रायफल घेऊन चालताना गोळी चेंबरमध्ये कधी घालावी?

प्रश्न थोडक्यात असा. डनीडिनला राहणाऱ्या एका मराठी वाचकांना नुकतंच न्यूझीलंडचं बंदुकीचं लायसन्स मिळालं आहे. त्यांनी बोल्टची (म्हणजे दर गोळीला मूठ हाताने मागेपुढे करायची) .22 रायफल घेतली, आणि ऑफिसातल्या एका किवी सहकाऱ्याबरोबर सेंट्रल ओटागोत, अलेक्झांड्राजवळच्या एका फार्मवर ससे मारायला जायचं ठरलं आहे. सहकारी म्हणतो, ससा वेळ देत नाही, तेव्हा गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून ती उडते त्या जागी) घालून, सेफ्टी लावून चालायचं. वाचकांना हे पटत नाही, पण पहिल्याच खेपेला वाद कसा घालायचा? शिवाय रायफल पट्ट्याने खांद्याला लावावी की हातात धरावी आणि तारेची कुंपणं कशी ओलांडावीत, हेही त्यांनी विचारलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. चेंबर रिकामं ठेवूनच चाला. ससा समोर बसलेला दिसला, तो ससाच आहे याची खात्री झाली, त्याच्या मागे मातीचा चढ आहे हे पाहिलं आणि तुम्ही टेकलात किंवा गुडघ्यावर बसलात, की मग बोल्ट ओढून गोळी आत घाला. त्याआधी नाही. इथल्या फायरआर्म्स सेफ्टी कोडच्या, म्हणजे बंदुकीच्या सुरक्षिततेच्या नियमावलीच्या, सात नियमांतला तिसरा नियम हाच आहे, आणि लायसन्सच्या परीक्षेत तुम्ही तो बरोबर लिहिलेला असणार. डोंगरावर गेल्यावर लोक पहिल्यांदा हाच नियम सोडतात, कारण तो पाळताना एखादा ससा हातचा जातो.

सहकाऱ्याचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असं नाही. ससा पळतो हे खरंच. पण पळता ससा रायफलने मारायचाच नसतो. त्यासाठी शॉटगन असते. .22 ने बसलेला ससा मारायचा, पन्नास ते सत्तर मीटरच्या आत, टेकून, डोक्याचा नेम धरून. आणि बसलेला ससा वेळ देतो. संशय आला तरी तो आधी थिजतो, कान टवकारतो, मग ठरवतो. बिळाकडे निघालेला ससासुद्धा तोंडाने शीळ घातली तर पुष्कळदा मध्येच थांबून मागे बघतो. बोल्ट मागेपुढे करायला दीड-दोन सेकंद पुरतात. बोल्टचा खटका ऐकून ससा पळेल ही भीती असेल, तर तो खटका खडकाच्या किंवा उंचवट्याच्या आड असताना, हळू हाताने करा आणि मगच डोकं वर काढा. अनुभवी माणसं तशीच करतात, आणि त्यांचे ससे तुमच्या सहकाऱ्याहून कमी नसतात.

तरीही काही सुटतीलच. सुटू द्या. या मुलखात ससा आटोक्यात आणायचा पहिला कायदा 1876 साली झाला. नंतर सशांवर सोडायला मुंगसाच्या जातकुळीतले वाटावेत असे स्टोट आणि फेरेट आणले, विष घातलं, जाळ्यांची कुंपणं घातली. 1997 साली तर कुणीतरी सरकारची परवानगी नसताना सशांच्या रोगाचा विषाणू चोरून आणला आणि शेतकऱ्यांनी तो आपापल्या रानात पसरवला. एवढ्याने जो ससा संपला नाही, तो तुमच्या दोन सेकंदांच्या उशिराने बोकाळेल असं कुणी म्हणत असेल तर हसून सोडून द्या.

आता सेफ्टीबद्दल. सेफ्टी लावली म्हणजे रायफल सुरक्षित झाली, असं नाव ऐकून वाटतं खरं. पण बऱ्याच .22 रायफलींत ती खुंटी फक्त चाप अडवते. गोळीला ठोका देणारी आतली पिन ताणलेल्या स्प्रिंगवर तशीच तयार असते. झुडपात घुसताना, पाठीवरची सॅक सरकवताना, जॅकेटच्या बाहीला अडकून ती खुंटी पुढे सरकते आणि तुम्हाला कळतही नाही. अलेक्झांड्राभोवतीच्या उतारांवर रानगुलाबाची काटेरी झुडपं इतकी आहेत की हे फक्त बोलण्यापुरतं नाही. सेफ्टी वापरा, जरूर वापरा, पण चेंबर रिकामं असण्याच्या जोडीला. त्याच्याऐवजी नव्हे.

दोन अर्धवट तोडगेही तुम्हाला कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. एक म्हणजे गोळी आत घालून बोल्टची मूठ अर्धी वर ठेवायची, म्हणजे म्हणे रायफल उडत नाही. ती मूठ कपड्याला घासून खाली बसते, आणि मग सेफ्टीसुद्धा न लावलेली, पूर्ण तयार रायफल तुमच्या हातात असते. दुसरा तोडगा म्हणजे गोळी आत असताना चाप दाबून धरत बोल्ट हळूच बंद करायचा, म्हणजे स्प्रिंग सुटलेली राहते. हा तर .22 मध्ये जास्तच वाईट. .22 च्या काडतुसाचं स्फोटक द्रव्य मधल्या टोपीत नसतं, बुडाच्या कडेत सगळीकडे भरलेलं असतं. स्प्रिंग सोडली की पिनेचं टोक थेट त्या कडेवर टेकून राहतं. रायफल दगडावर आपटली तर तेवढा दणकासुद्धा पुरू शकतो.

मग नेमकं करायचं काय? काढता येणारं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, असेल (तुमच्या वर्णनावरून आहेच), तर क्रम असा ठेवा. गाडीपाशी, नळी मोकळ्या उताराकडे धरून, मॅगझिन बाहेर असताना बोल्ट उघडा. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीचं टोक त्याच्या तोंडाला लावूनही बघा. संध्याकाळच्या उजेडात डोळे फसतात, करंगळी फसत नाही. रिकामं असल्याची खात्री करून बोल्ट बंद करा. आणि मग भरलेलं मॅगझिन लावा. आता गोळ्या रायफलीत आहेत, पण चेंबरमध्ये नाहीत, आणि चाप ओढला तरी काही उडणार नाही. हाच क्रम उलटा केलात, म्हणजे मॅगझिन लावून मग बोल्ट पुढे ढकललात, तर वरची गोळी सरळ चेंबरमध्ये जाईल. नवख्यांच्या हातून नेमकं हेच होतं, आणि त्यांना वाटत राहतं की आपण रिकाम्या चेंबरने चाललो आहोत.

ससा दिसला, गोळी आत घातली, आणि तेवढ्यात तो बिळात गेला, हे पहिल्याच तासात होईल. अशा वेळी आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट ओढा. आत गेलेली गोळी बाहेर पडेल, ती गवतातून उचला. आता पुन्हा करंगळी, बोल्ट बंद, मॅगझिन. मॅगझिन न काढताच बोल्ट मागेपुढे केलात तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत जाते. हा प्रकार दर वेळी करायला कंटाळा येतो, हे मान्य. दहा पावलांवर दुसरा ससा दिसेल म्हणून तशीच भरलेली घेऊन पुढे जाण्याचा मोह होतो. दोन पावलं सरकून, नळी त्याच दिशेला ठेवून पुन्हा बसायचं असेल तर एक वेळ ठीक. चालायला लागलात की रिकामी.

चाप ओढला आणि उडालीच नाही, तर रायफल तशीच रोखलेली ठेवून किमान अर्धा मिनिट थांबा. गोळी कधी कधी उशिरा पेटते. मगच बोल्ट उघडा.

आता धरायची कशी. आपल्यातल्या अनेकांनी .22 पहिल्यांदा हातात घेतली ती एन.सी.सी.च्या रेंजवर. तिथे पालथं झोपायचं, उस्ताद सांगतील तेव्हा भरायची, सांगतील तेव्हा रिकामी करायची, आणि सगळ्यांच्या नळ्या एकाच बाजूला. नेम धरायची सवय तिथे उत्तम लागते. पण भरलेल्या मॅगझिनची रायफल घेऊन उंचसखल रानात, माणूस शेजारी असताना चालायचं कसं, हे तिथे कुणी शिकवत नाही, कारण तशी वेळच येत नाही. म्हणून रेंजवर पक्के असलेले लोकही डोंगरावर नळी कुठेही फिरवताना दिसतात.

माझी शिफारस दोन्ही हातांची आहे. उजवा हात मुठीच्या जागी, बोट चापाच्या कड्याबाहेर लाकडावर सरळ. डावा हात पुढे. रायफल छातीसमोर तिरकी, नळीचं तोंड वर डावीकडे. घसरलात तर दोन हातांत असलेली नळी तुमच्या ताब्यात राहते. दमलात की डाव्या कोपराच्या वळणात आडवी घ्या, पण मग तोंड सरळ डावीकडे जातं, म्हणजे त्या बाजूला माणूस नको. एका हाताने, मधोमध तोल धरून खाली लोंबती न्यायची पद्धत एकटे असाल किंवा सगळ्यांच्या पुढे असाल तरच. मागे चालणाऱ्याने तशी धरली तर पुढच्याच्या पोटऱ्यांवर रोख धरून चालल्यासारखंच आहे.

पट्टा लावून खांद्यावर टांगणं लांबच्या चालीला सोयीचं. इथून पुढे अर्धा तास ससे नाहीत, नुसती चढण आहे, तेव्हा जरूर टांगा, पण मॅगझिन काढून खिशात ठेवा. तोंड वर करून टांगली असेल तर एक गोष्ट विसरली जाते. मेलेला ससा उचलायला किंवा बुटाची नाडी बांधायला वाकलात की नळी तुमच्या डोक्यावरून पुढे झुकते, आणि समोर जो उभा असेल त्याच्या तोंडावर येते. कंबरेत वाकू नका, पाठ सरळ ठेवून गुडघ्यात बसा. तोंड खाली करून टांगलीत तर वाकताना त्रास नाही, पण उतारावर बसताना नळी मातीत रुतते. नळीच्या तोंडात चिखलाचं किंवा बर्फाचं बूच बसलं आणि तशीच गोळी मारली, तर नळी फुगते, फुटूही शकते. कुठेही पडलात, टेकलात, की मॅगझिन आणि बोल्ट काढून, मागच्या बाजूने नळीतून आकाश बघा. गोल उजेड स्वच्छ दिसला तरच पुढे.

दोघं असताना मी सांगतो ती रचना अशी: शेजारी शेजारी, एका ओळीत, दहा-पंधरा पावलांचं अंतर. दोघं उजव्या हाताचे असाल तर दोघांच्या नळ्या डावीकडे कलतात, म्हणजे उजवीकडचा माणूस डावीकडच्याकडे तोंड करून चालला. म्हणून उजवीकडच्याने रायफल सरळ उभी धरावी, नाहीतर बाजू बदलून उजवीकडे कलती. मध्ये ओढा किंवा खडक आला आणि एकामागे एक व्हावं लागलं, तर तोंडाने सांगून व्हा. आणि गोळी आत घालणारा एकच. दुसऱ्याने थांबायचं, मागे यायचं, बघायचं. दोघांनी एकाच सशावर बोल्ट ओढले की कोण कुठे उभा आहे हे दोघंही विसरतात.

नळी ‘सुरक्षित दिशेला’ ठेवा, असं नियम म्हणतो. ही दिशा तुमच्याबरोबर बदलत असते, हे मात्र चालता चालता स्वतःलाच पाहावं लागतं. .22 ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, पण ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि सपाट खडकावर, गोठलेल्या जमिनीवर किंवा पाण्यावर तिरकी लागली की उसळून भलतीकडे जाते. सेंट्रल ओटागोचा डोंगर म्हणजे जागोजागी वर आलेले शिस्ट नावाच्या थरांच्या खडकाचे सुळके. खाली धरली म्हणजे सुरक्षित, असं तिथे म्हणता येत नाही. पायाखाली फरशीसारखा दगड असेल तर खालची दिशा वाईट. मऊ मातीचा चढ समोर असेल तर तिकडे. दरीकडे वळलात आणि खाली मेंढ्या, शेतघर, जर्दाळूच्या बागेत कामाला आलेली माणसं असतील, तर वळतानाच नळी वर घ्या. प्रत्येक वळणावर मनात एकच प्रश्न: आत्ता उडाली तर कुठे जाईल? कडेवर, आभाळाच्या रेषेवर बसलेला ससा कितीही सोपा दिसो, त्याच्या मागे काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. तो सोडायचा.

सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या), पोकळ टोकाच्या गोळ्या घ्या. आवाज कमी, आणि सशाला पुरेशा. पन्नास मीटरवर नेम जुळवला असेल तर शंभरावर ती जवळपास वीतभर खाली जाते, हे लक्षात ठेवलं की लांबचे ससे आपोआप सोडले जातात.

कुंपणं. तिथे सहा-सात तारांची कुंपणं, काही ठिकाणी खाली सशांसाठी जाळी, आणि वरची एखादी तार विजेची. एकटे असाल तर मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर बघा. रायफल खालच्या तारेखालून पलीकडे आडवी सरकवा, नळीचं तोंड तुम्ही जिथून ओलांडणार त्याच्या उलट बाजूला. मग खांबाजवळून, जिथे तारा ताठ असतात, तिथून चढा, आणि पलीकडे गेल्यावर दस्त्याच्या बाजूने जाऊन उचला. तोंडाकडून धरून ओढायची नाही, कधीच नाही. कुंपणाला उभी टेकवून ठेवली तर तार हलली की ती पडणार, हे ठरलेलंच. खाली जाळी असेल तर वरून घ्यावी लागते, मग दोघं असणं बरं: एकाने दोन्ही रिकाम्या रायफली, बोल्ट उघडे ठेवून धरायच्या, दुसऱ्याने ओलांडून त्या एकेक घ्यायच्या, घेताना उघडं चेंबर स्वतः बघूनच. समोरच्याने “रिकामी आहे” म्हटलं तरी बघायचं. यात कुणाचा अपमान नसतो. उलट इथले जुने शेतकरी न बघता घेणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. कुत्रा बरोबर असेल तर जमिनीवर ठेवलेल्या रायफलीचा बोल्ट उघडाच हवा. कुत्र्याच्या पंज्याला चाप आणि गवत यांतला फरक कळत नाही.

हाच नियम बिळांनी पोखरलेल्या जमिनीला. सशांच्या जुन्या वस्तीवर माती आतून पोकळ असते, पाय घोट्यापर्यंत आत जातो. तिथून जाताना मॅगझिनसुद्धा काढून ठेवा. दोन्ही हात लागतील असा खडक चढायचा असेल तर बोल्टच काढून खिशात घाला.

गाडीत गोळी भरलेली रायफल नको, आणि भरलेली म्हणजे चेंबरमध्येच असं नाही. मॅगझिनमध्ये गोळ्या ठेवून ते रायफलीला लावलेलं असलं तरी ती भरलेलीच धरतात, आणि सार्वजनिक रस्त्यावर तो गुन्हा आहे. फार्मच्या आत क्वाडबाइकवरून “जाता जाता” मारायची पद्धत काही लोकांत आहे. तुम्ही नवखे आहात, त्यात पडू नका. उतरा, गाडीपासून चार पावलं पुढे जा, मग भरा.

रात्री स्पॉटलाइट लावून मारणं हा वेगळाच विषय. निसर्गसंवर्धनाच्या सरकारी जमिनीवर ते चालत नाही, खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने चालतं. पहिलं वर्षभर तरी करू नका असं माझं मत. उजेडात चमकणारा डोळा दिसतो, प्राणी दिसत नाही, आणि हेडलॅम्पचा उजेड हरणाचा डोळा समजून माणूस मारला गेल्याची घटना या देशात झालेली आहे.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य: आपल्याकडच्या सशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याची शिकार गुन्हा आहे, आणि वरचं सगळं फक्त न्यूझीलंडमधल्या उपद्रवी सशांबद्दल आहे.

आता सहकाऱ्याला सांगायचं कसं. तिथे जाऊन, डोंगरावर उभं राहून वाद घालू नका. आदल्या दिवशी, गाडीचा, चहाच्या थर्मासचा विषय निघतो तेव्हाच सांगा: “मी रिकाम्या चेंबरने चालतो, आणि माझ्याबरोबर चालणाऱ्यानेही तसंच चालावं असं मला वाटतं.” किवी माणसाला हे बोलणं परकं नाही, त्यानेही तेच कोड वाचून लायसन्स घेतलं आहे. तो बहुतेक खांदे उडवून “ओके” म्हणेल. नाहीच म्हणाला, तर त्या दिवशी एकच रायफल न्या आणि आळीपाळीने मारा. एकाच्या हातात रायफल, दुसऱ्याच्या हातात दुर्बीण. दोन रायफलींपेक्षा असे ससे जास्तच दिसतात, कारण बघणारा नुसता बघत असतो.

परतीच्या वाटेचं शेवटी. तेव्हा हात भरलेले असतात, पाय थकलेले, आणि एका हातात ससे, दुसऱ्यात कशीबशी धरलेली रायफल, असा अवतार होतो. शेवटचा ससा उचलायच्या आधीच मॅगझिन काढून खिशात घाला, करंगळीने चेंबर बघा, आणि रायफल पट्ट्याने टांगा. सशांसाठी सॅक किंवा कंबरेच्या पट्ट्याला अडकवायचे हूक न्या, म्हणजे एक हात मोकळा राहील. आणि खायचे असतील तर निघण्याआधी शेतकऱ्याला विचारून घ्या की रानात हल्ली पिंडोनचं किंवा दुसरं काही विष घातलं होतं का. घातलं असेल तर ससे स्वयंपाकघरात नेऊ नका, आणि कुत्र्यालाही घालू नका.